चिऊताईचं दार ३२ मिलिमीटरचं

बाई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळा सोलापूरच्या वेशीवर, पाचवी-सहावीची ४० मुलं, हातात शनिवारची सकाळची शाळा, एकच दुर्बीण आणि खर्चाला जवळपास काही नाही. पक्ष्यांचा तक्ता लावला, २५ नावं पाठ करून घेतली आणि पंधरा दिवसांत मुलं सगळं विसरली. आता काय करायचं?

तक्ता काही महिने कपाटात ठेवा. नाव कळलं की मुलाला वाटतं पक्षी कळला, आणि मग ते बघायचं थांबतं. म्हणून क्रम उलटा करावा. आधी मुलांच्या ओळखीची गोष्ट सांगायची, त्या गोष्टीतला एक प्रश्न पकडायचा, तो हातांनी तपासायचा, मग बाहेर जाऊन खरा पक्षी बघायचा. नाव सगळ्यात शेवटी. एका पक्ष्याला तीन शनिवार दिले तरी चालतील. वर्षाला १० पक्षी असे झाले तर भरपूर झाले.

सुरुवात चिऊ-काऊच्या गोष्टीने करा. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं, पाऊस आला आणि काऊचं घर वाहून गेलं. पाचवीची मुलं "ही बाळांची गोष्ट" म्हणून नाक मुरडतील. त्यांना विचारा, खरंच वाहून जाईल का?

आता दोन्ही घरं बांधायची. साधारण १५ सेंटिमीटर लांब-रुंद अशी पुठ्ठ्याची दोन घरं करा. एकावर शेण, माती आणि भुसा कालवून बोटभर जाड थर द्या आणि कडक उन्हात चार-पाच दिवस वाळू द्या. दुसऱ्यावर मेण. साध्या पांढऱ्या मेणबत्त्या डब्यात घालून तो डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा, मेण वितळलं की ब्रशने दोन-तीन हात द्यायचे. हे काम तुम्ही स्वतः करा. मेणाचा डबा थेट आचेवर ठेवू नका, मेण पेट घेतं. मग मीटरभर उंचीवरून झारीने दोन्ही घरांवर २-२ लिटर पाणी घाला.

इथे बहुतेक वेळा गोष्टीच्या उलट घडतं. नीट वाळलेलं शेणाचं घर दोन लिटरला दाद देत नाही. ज्यांच्या घरी अंगण सारवतात ती मुलं हे आधीच सांगतील. घर लगेच ढासळलं तर शेण आतून ओलं होतं किंवा भुसा कमी पडला होता असं समजा. पाणी एकाच जागी ओतत राहिलात की कडा विरघळू लागतात. एक झारी आणि रात्रभराचा पाऊस यांतला फरक मुलांच्या तिथे लक्षात येतो. मग दुसरी फेरी: दोन्ही घरं भर दुपारी पत्र्यावर ठेवा. मेणबत्तीचं मेण साधारण ५० ते ६५ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. एप्रिलमधल्या सोलापूरच्या पत्र्यावर चिऊचं घर वाकतं, काऊचं ताठ उभं राहतं. म्हणजे कोणाचं घर चांगलं? पावसाळ्यात चिऊचं, उन्हाळ्यात काऊचं. हे वाक्य मुलांकडूनच येऊ द्या, तुम्ही बोलू नका.

त्याच गोष्टीत याहून मोठा ऐवज आहे, तो म्हणजे दार. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." आणि चिऊ काही केल्या उघडत नाही. बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, पण दार बंद. लहानपणी वाटतं चिऊ किती निष्ठुर! प्रत्यक्षात कावळा चिमणीची अंडी आणि पिल्लं खातो. चिमणी भिंतीच्या भोकात, पन्हाळीखाली, दिव्याच्या डब्यामागे घर करते ते त्यासाठीच. आत तिला शिरता येतं, कावळ्याला येत नाही. गोष्टीतलं दार म्हणजे हे भोक.

हे दार मुलांकडून मोजून घ्या. चिमणीच्या घरट्याच्या पेटीला ३२ मिलिमीटर व्यासाचं भोक लागतं. १० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्याच्या भोवती आणखी अडीच मिलिमीटरची कड आखली की दार तयार. एवढ्या भोकातून साळुंकीसुद्धा आत जात नाही. ४० किंवा ५० मिलिमीटरचं ठेवलंत की साळुंकी पेटी बळकावते.

पेटीची मापं अशी: १० ते १२ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड किंवा जुन्या खोक्याच्या फळ्या, तळ आतून १५ बाय १५ सेंटिमीटर, उंची २२, भोकाचा मध्य तळापासून १५ सेंटिमीटरवर. छप्पर पुढे ५ सेंटिमीटर बाहेर आणि किंचित उतरतं. तळाला चारही कोपऱ्यांत ५ मिलिमीटरची भोकं, छपराखाली दोन्ही बाजूंना हवेसाठी एकेक. भोक सुताराकडून होल सॉने पाडून घ्या. छिन्नीने पाडलं तर कडा फाटतात आणि पिसं अडकतात. बाहेर बसायला काडी लावू नका. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला आणि मांजराला मात्र आयता आधार मिळतो. आतून रंग नको. पेटी जमिनीपासून किमान ३ मीटरवर, पूर्वेकडच्या किंवा उत्तरेकडच्या भिंतीला, वळचणीखाली बांधा.

सगळ्यात जास्त घात होतो तो उन्हाने. पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेली किंवा पत्र्याची पेटी मे महिन्यात भट्टी होते, पिल्लं आतच मरतात. पुठ्ठ्याची खोकी पहिल्या पावसात गळून पडतात. पेटी डिसेंबर-जानेवारीत लावा. वर्षभर रिकामी राहिली तरी जागा बदलू नका. चिमणी राहायला आली की रोज आत डोकावायला बंदी. त्याऐवजी लांब बसून मोजायचं: १५ मिनिटांत किती फेऱ्या, चोचीत काय? अंड्यांतून पिल्लं बाहेर आल्यावर चिमणी फेऱ्या वाढवते आणि चोचीत अळ्या-किडे दिसू लागतात. दाणे खाणारी चिमणी पिल्लांना किडे भरवते ही गोष्ट मुलांना स्वतःला सापडू द्या. अंगणात नुसते तांदूळ टाकून चिमण्या का वाढत नाहीत, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

पहिल्या निरीक्षणासाठीही चिमणीच बरी. नराच्या गळ्यावर काळा डाग असतो, मादीला नसतो. डागवाल्या किती आणि बिनडागाच्या किती, एवढंच पहिल्या शनिवारी मोजायचं. मोजताना "आली, गेली, परत आली" असं करत मुलं एकच चिमणी सहा वेळा धरतात. एका वेळी एकत्र दिसलेली सगळ्यात मोठी संख्या लिहायची, हा नियम आधीच सांगून ठेवा.

आता चोचीचा खेळ. चाळीस जणांचे आठ गट करा. प्रत्येक गटापुढे चार ताटल्या: एकीत १० भुईमुगाच्या शेंगा, दुसरीत ओलसर मातीत मिसळलेले २० सुताचे तुकडे (५-५ सेंटिमीटरचे, यंत्रमागाचं वाया जाणारं सूत आपल्याकडे कुठेही मिळतं), तिसरीत पाणी आणि वर तरंगणारे मूठभर चुरमुरे, चौथीत अरुंद तोंडाच्या बाटलीत रंगीत पाणी. चोची म्हणून पक्कड, काटे काढायचा बारीक चिमटा, चहाची गाळणी आणि ड्रॉपर. शेंग फोडून दाणा बाहेर आला तरच ती खाल्ली असं धरायचं. प्रत्येक चोचीने प्रत्येक ताटलीवर २० सेकंद. जे मिळेल ते पोटात, म्हणजे वाटीत.

फसतं ते वाटीपाशी. मुलं वाटी ताटलीला चिकटवतात आणि अन्न नुसतं ढकलतात. वाटी ३० सेंटिमीटर लांब ठेवा आणि दुसरा हात पाठीमागे. ड्रॉपरऐवजी स्ट्रॉ देऊ नका, ती उष्टी होते आणि पोरं रंगीत पाणी पितात. आकडे फळ्यावर मांडले की प्रत्येक चोचीची ताटली ठरून जाते, आणि मग विचारायचं, शाळेच्या आवारात पक्कडवाला कोण, ड्रॉपरवाला कोण? जास्वंदीवर, रुईच्या फुलावर येणारा इवलासा शिंजीर मुलांना पुढच्या चार दिवसांत दिसतोच. गाळणीचा खरा धनी म्हणजे रोहित, फ्लेमिंगो. तो डोकं उलटं करून चिखलपाण्यातून अन्न गाळतो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर पाणी ओसरून चिखल उघडा पडला की त्याचे थवे उतरतात. दूर वाटत असेल तर व्हिडिओ दाखवा, पण गाळणीचा खेळ झाल्यावर.

सुताबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. खेळ झाल्यावर प्रत्येक तुकडा मोजून परत घ्या. "पक्ष्यांना घरट्यासाठी" म्हणून झाडावर सूत टांगायची कल्पना मुलांना हमखास सुचते. टांगू देऊ नका. धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळतो, पाय सुजतो, झडतो, कधी पिल्लू तिथेच लटकून मरतं. घरट्यासाठी मदत करायचीच असेल तर आवाराच्या एका कोपऱ्यातलं गवत कापू नका.

सुगरणीचं घरटं हा सोलापूरच्या मुलांचा हक्काचा विषय आहे, कारण अनेक घरांत विणकाम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. उभा-आडवा धागा त्यांना सांगावा लागत नाही. नाव सुगरण, पण विणतो नर. मादी अर्धवट विणलेलं घरटं येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम पूर्ण होतं. पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला ही घरटी लोंबताना दिसतात. खाली पाणी असलं की सापाला आणि मांजराला पोचणं अवघड जातं.

प्रयोग असा: काटे काढलेला इंग्रजी वाय आकाराचा बेचका आणि उसाच्या किंवा लांब गवताच्या पात्याच्या ३ ते ४ मिलिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर लांब पट्ट्या, प्रत्येकाला १५. पाती ताजी हवीत, वाळलेली गाठीपाशी तुटतात. नसतील तर १० मिनिटं पाण्यात भिजवा. बोटांनी विणायचं नाही. कपडे वाळत घालायचा एक चिमटा म्हणजे चोच, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांचा एक पाय. १५ मिनिटांत नुसतं एक कडं करून दाखवायचं. पहिल्या पाच मिनिटांत बहुतेकांची पट्टी सुटून पडते, कारण टोक फांदीखालून काढलं तरी स्वतःच्या वेढ्याखालून परत घेतलेलं नसतं. इथे बोलू नका, शेजारच्या मुलाचं बघून ती बरोबर शिकतात. खरं घरटं वर्गात आणायचा मोह टाळा. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असू शकतात, आणि पक्ष्यांची घरटी मोडणं, अंडी उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. खाली पडलेलं दिसलं तर जागेवरच बघा, फोटो घ्या. पिसांचा अभ्यास करायचा तर कोंबडीची पिसं साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवून घ्या. बोट उलटं फिरवून पीस विस्कटा, सुलटं फिरवून परत जुळवा, मग भिंगातून बघा. चेन लागावी तसे बारीक आकडे एकमेकांत बसलेले असतात.

टिटवीकडे वळू. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त, सखल जागी घातली की कमी, हे घरोघरच्या आजी-आजोबांना माहीत असतं. ते खोटं म्हणून मोडीत काढू नका आणि खरं म्हणूनही सांगू नका. वहीत लिहा: तारीख, जागा, आसपासच्या जमिनीपेक्षा उंच की सखल, आणि मग त्या पावसाळ्याचा पाऊस. पाच-सहा वर्षांची वही झाल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. शाळेने ती वही पुढच्या वर्गाकडे सोपवायची. विज्ञानाला धीर लागतो हे पाचवीत कळलं तर फार चांगलं.

टिटवी उघड्या माळावर खड्यांत अंडी घालते, बहुधा चार. शाडूच्या मातीची १२ अंडी करा, निम्मी मातकट रंगाची आणि काळ्या ठिपक्यांची, निम्मी पांढरी. मुरमाच्या जागेत दोन्ही प्रकारची मांडा आणि दुसऱ्या गटाला दोन मिनिटांत शोधायला सांगा. हा खेळ १० नंतर घ्या. सकाळच्या तिरप्या उन्हात अंड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि रंग लपला तरी सावली चुगली करते. तुमची शाळा सकाळची असल्याने हे नक्की आडवं येईल. मात्र एखाद्याने सावलीवरून अंडं ओळखलं तर त्याचं कौतुक करा, ते मोठंच निरीक्षण आहे.

मग प्रश्न येतो की ४२ अंशांत ही अंडी उकडत कशी नाहीत? टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवते. हे तपासायला प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा, दुसरा कोरडा, दोन्ही सावलीत वाऱ्याला टांगा आणि १० मिनिटांनी वाचा. एप्रिलच्या कोरड्या हवेत १० अंशांहून जास्त फरक पडतो. तोच प्रयोग जुलैत करा, फरक घटलेला दिसेल. ताप मोजायचा थर्मामीटर वापरू नका, तो ४२-४३ अंशांच्या पुढे जात नाही.

अंड्याच्या कवचाचा प्रयोग व्हिनेगरने करतात. कवच फसफसतं, दोन दिवसांत विरघळतं. पण आपल्याकडे अनेक घरांत अंडं चालत नाही, तेव्हा मुलांच्या हातात ते देण्याआधी विचार करा. शहाबादी फरशीचा तुकडा घ्या, तोही चुनखडकच. व्हिनेगरचे चार थेंब टाकले की तसाच फसफसतो. खडू मात्र घेऊ नका. हल्ली खडू बहुधा जिप्समचा असतो, त्यावर काहीच होत नाही आणि मुलं म्हणतात प्रयोग फसला.

पाण्याचं परळ ठेवणं सोपं आहे, तरी त्यात चुका होतात. पसरट, खडबडीत मातीचं परळ, पाणी कडेला २ आणि मध्ये फार तर ५ सेंटिमीटर, मध्ये एक दगड. सावलीत ठेवा, पण झुडपाला चिकटून नको, मांजर दबा धरतं. पाणी रोज बदलायचं आणि नारळाच्या काथ्याने घासायचं. साबण, फिनेल अजिबात नको. सुट्टीतली पाळी आधी ठरवा. मे महिन्यात शाळा बंद आणि परळ कोरडं, हे दरवर्षी अनेक ठिकाणी घडतं.

मुलं पिल्लं उचलून आणतील. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू हरवलेलं नसतं, उडायला शिकत असतं, आईबाप जवळच असतात. ते उचलून आणू देऊ नका, फार तर जवळच्या फांदीवर सावलीत ठेवा आणि सगळे लांब व्हा. मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी.

दुर्बीण एकच आहे ना? ती ४० जणांत फिरवू नका, प्रत्येकाला आकाशच दिसेल. ती खुर्चीच्या पाठीवर टेकवून एका जागी स्थिर करा आणि तिथे हमखास थांबणारा पक्षी धरा: तारेवरचा वेडा राघू, पाण्याकाठी ध्यान लावून बसलेला वंचक बगळा. मुलांनी आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर न हलवता दुर्बिणीशी यायचं. सूर्याकडे कधीच नाही.

सहलीला कंबर तलाव आणि सिद्धेश्वर तलाव जवळचे. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव हिवाळ्यात जास्त बरा, तिथे वारकरी, शेकाटे, टिबुकल्या हे पाणपक्षी आणि नशिबात असतील तसे स्थलांतर करून आलेले पाहुणे मिळतात. गट आठ-आठ जणांचे करा, सोबत एकेक पालक, सकाळी ७ ते ९. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ तारखेला सालिम अली यांचा जन्मदिवस. चितमपल्ली सोलापुरात जन्मले, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगा. सहलीसाठी तोच आठवडा धरा.

शेवटचा खेळ वजनाचा, त्याला चार शनिवार आधीपासून तयारी लागते. कापडी पिशव्यांत वाळू भरायची, किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून: शिंजीर ८ ग्रॅम, चिमणी २५, साळुंकी ११०, कावळा ३००, घार ७००. मुलांनी आधी अंदाज लिहायचा, मग पिशवी तळहातावर घ्यायची. चिमणीला बहुतेक जण पाव किलोच्या घरात नेऊन ठेवतात आणि २५ ग्रॅमची पुरचुंडी हातात आली की गप्प होतात. सगळ्यात शेवटी माळढोकाचा नर, १२ किलो. दोघांनी धरून उचलावी लागते.

ही १२ किलोची पिशवी नान्नजला बरोबर न्या. बार्शी रस्त्यावरचं हे अभयारण्य १९७९ सालचं, माळढोकासाठीच राखलेलं. वनविभागाची परवानगी आधी घ्या, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत सकाळी जा, मुलांना भडक कपडे नकोत. निघण्याआधीच मुलांना स्पष्ट सांगा की माळढोक दिसणार नाही असंच धरून चला. आता तो जगात २०० सुद्धा उरलेला नाही. तिथे गवत बघायचं आहे, काळवीट बघायचे आहेत, चंडोल हवेत चढत जाऊन गातो ते ऐकायचं आहे, आणि एवढा मोठा पक्षी जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो ती उघडी जागा बघायची आहे. वाटेत विजेच्या तारा जातात तिथे गाडी थांबवा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्याला समोरचं कमी दिसतं, आणि वजन इतकं की तार दिसली तरी वेळेत वळता येत नाही. तारांखाली उभं राहून प्रत्येक जोडीला ती पिशवी उचलू द्या आणि उचललेली असतानाच पटकन उजवीकडे वळायला सांगा.